ग्रामसभेतला शेवटचा विषय

गोव्यात ग्रामसभा भरते ती रविवारी. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात नेहमीची, शिवाय 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 19 डिसेंबरच्या निमित्ताने खास. पंचायत घरात पंखे घरघरत असतात, सचिव मागच्या सभेचं इतिवृत्त कुणाला कळणार नाही अशा वेगाने वाचून टाकतात, आणि मग कुणाच्या तरी कुंपणावरून जे सुरू होतं ते जेवणवेळेपर्यंत चालतं. बांधकाम परवाने, कुणाच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, काढलेला रस्ता, कचरा, बंद पथदीप. आरोग्याचं नाव निघालंच तर अगदी शेवटी, अर्धी माणसं उठून गेल्यावर, ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून.

मी सत्तरी तालुक्यात महिला राखीव प्रभागातून एक मुदत पंच, म्हणजे पंचायत सदस्य, होते. आता नाही, आणि परत उभं राहायची हौसही नाही. पण ग्रामसभेला जाते, आणि दर वेळी हाच एक विषय घेऊन उभी राहते. ‘वयनी आता दवाखान्याचं काढणार’ म्हणून मागच्या बाकावर हसतात, ते ऐकू येतं मला.

पंचांचं उत्तर ठरलेलं असतं: दवाखाना आमच्या हातात नाही. चुकीचं नाही ते. घटनेच्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे सोपवायच्या 29 विषयांची यादी आहे, त्यात तेविसावा विषय आरोग्य आणि स्वच्छता, त्यात इस्पितळं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रंही आली. कागदावर. प्रत्यक्षात आमचं आरोग्य केंद्र चालतं पणजीच्या आरोग्य संचालनालयाकडून. डॉक्टरची बदली, नर्सची रजा, औषधांचा साठा, यातलं काहीच सरपंचाला विचारून होत नाही.

मग लोक काय करतात? आमदाराकडे जातात. गोव्यात 40 मतदारसंघ, त्यामुळे आमदार म्हणजे हाकेच्या अंतरावरचा माणूस. सकाळी त्याच्या व्हरांड्यात जाऊन बसायचं, तो तिथल्या तिथे फोन लावतो, दुपारपर्यंत काम होतं. मी याला नावं ठेवणार नाही, माझ्या सासऱ्यांना बांबोळीच्या सरकारी इस्पितळात खाट मिळाली ती अशीच. पण त्या फोनची कुठे नोंद राहत नाही. काम होतं ते एका माणसाचं. पुढच्या महिन्यात तेच गाऱ्हाणं घेऊन शेजारीण जाते, आणि आधीही असंच झालं होतं हे कुठल्याच कागदावर नसतं. माझं सगळं म्हणणं या एका कागदापाशी येतं. पंचायतीला डॉक्टरवर हुकूम चालवता येत नाही, पण प्रश्न विचारून तो उत्तरासकट इतिवृत्तात लिहून घेता येतो. लिहिलेलं पुढच्या सभेत वाचावं लागतं. घाईघाईने का होईना.

आमच्या आरोग्य उपकेंद्राचंच सांगते. नदीपलीकडच्या वाड्यावरची एक म्हातारी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी सकाळच्या कदंब बसने यायची. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रिकामी पाकिटं, कारण गोळीचं नाव तिला सांगता येत नसे, पाकीट दाखवलं की काम व्हायचं. आली की उपकेंद्राला कुलूप. नर्सला मीटिंगला बोलावलेलं, किंवा लसीकरणाला दुसऱ्या वाड्यावर पाठवलेलं. परतीची बस दुपारची. ती पायरीवर बसून राहायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायची, “बाय, दोतोर आयला?”

यात नर्सचा दोष काय? एकटी बाई, गावं अनेक, रजिस्टरांची चळत. म्हणून आम्ही नर्सविरुद्ध तक्रार केलीच नाही. ग्रामसभेत लेखी मागणी दिली की उपकेंद्र कुठल्या दिवशी उघडं, डॉक्टर कधी येणार आणि बंद असेल तर फोन कुणाला लावायचा, एवढं दारावर लिहून मिळावं. पहिल्या सभेत ‘पत्र पाठवू’. दुसऱ्या सभेत ‘पत्र पाठवलं’. त्याच्या पुढच्या सभेत सचिव तेच वाचायला लागले तेव्हा त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. मग फलक आला. नर्सने स्वतःच्या अक्षरात, निळ्या मार्करने लिहिलेला. ती मला म्हणाली, “बरं झालं वहिनी, आता लोक माझ्यावर ओरडत नाहीत.”

माकडतापाने मात्र आम्हाला हे फार महागात शिकवलं. 2015 साली सत्तरीतल्या पाली गावात तो पहिल्यांदा आढळला. गोचिडींतून माणसाला होतो. अचानक भडकणारा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, काहींना रक्तस्राव, आणि त्यावर नेमकं औषध नाही. माणसं दगावली. काळही नेमका काजूचा. बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला बायका उजाडताच बागायतीत शिरतात, पाचोळ्यात वाकून दिवस काढतात, आणि गोचिडी तिथेच. ‘रानात जाऊ नका’ असं सांगणाऱ्याला वर्षाची कमाई कशातून येते ते ठाऊक नसतं.

मेलेलं माकड ही त्या रोगाची पहिली खबर. खबर कुणाला द्यायची? वन खातं, पशुवैद्यकीय खातं, आरोग्य खातं, तिघांचाही संबंध, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याचा नंबर देणार. बागायतदार मग काय करतो, तर माकड बांधापलीकडे ढकलतो आणि गप्प बसतो. गोचिडी मेलेलं जनावर सोडून आजूबाजूला पसरतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. इथे पंचायतीशिवाय दुसरं कोण पुरं पडणार? कुठली बागायत कुणाची, कुठल्या वाटेने बायका जातात, कुणाच्या घरी चार दिवस ताप आहे, हे प्रभागाच्या पंचाला माहीत असतं. पणजीला नसतं.

समित्या आहेत की. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 मध्ये सुरू झालं, त्यातून गावोगावी आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समिती आली, वर्षाला 10,000 रुपयांचा मुक्त निधी आला. देशभर या समितीचा गाडा आशाताई ओढतात. गोव्यात आशा नाहीत, हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मग आमच्या गावात मार्च जवळ आला की समिती जागी होते, फिनेल आणि ब्लीचिंग पावडर घेते, एक बॅनर छापते. उपकेंद्राला आरोग्य मंदिर म्हणायला लागल्यापासून जन आरोग्य समिती निघाली, तिचा अध्यक्ष नियमाने सरपंच. मी ज्या सरपंचांना या समितीबद्दल विचारलं त्यांतल्या एकाने प्रामाणिकपणे विचारलं, “सही कुठे करायची असते?”

गंमत अशी की पंचायत आणि आरोग्य केंद्र यांची गाठ फाइलीत रोजच पडते. घर बांधायचं तर आरोग्य अधिकाऱ्याचा ना हरकत दाखला लागतो, सेप्टिक टाकी विहिरीपासून किती लांब ते पाहिलं जातं. बांधकामावरच्या परप्रांतीय मजुरांची मलेरियासाठी तपासणी करून त्यांना हेल्थ कार्ड द्यायची पद्धत आहे. तेव्हा ‘आमचा संबंध नाही’ हे मला पटत नाही. बिल्डरच्या कागदापुरता संबंध असतोच.

पण देखरेखीच्या नावाने काय होऊ शकतं तेही पाहिलंय. एका सभेत एका गृहस्थांनी क्षयाच्या पेशंटचं नाव, घर, वाड्यासकट सगळ्यांसमोर घेतलं. त्या घरातली सून समोरच बसली होती. ती नंतर कित्येक दिवस सोसायटीत रेशनच्या धान्याला आली नाही. दुसऱ्या एका पंचाने नर्सला दारात उभं करून झापलं, कारण त्याच्या माणसाला न तपासता सर्टिफिकेट हवं होतं. विचारायचं ते सेवेबद्दल: गोळ्या आहेत का, रक्ताचे रिपोर्ट किती दिवसांनी येतात, गाडी वाड्यापर्यंत पोचते का. पेशंटचं नाव नाही आणि नर्सचंही नाही. अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवायला हवं, आमच्या अध्यक्षांनी चहा मागवला.

म्हाताऱ्यांबद्दल लिहायचं तर वेगळं बसावं लागेल. दयानंद सामाजिक सुरक्षेचे महिन्याला 2,000 रुपये बँकेत येतात, मुलं नोकरीला पर्वरीला नाहीतर वेर्ण्याला, आणि घरात बोलायला टीव्ही. पासबुक भरतं का हे सगळे विचारतात, जेवलात का हे कोण विचारणार? 14416 हा मानसिक आरोग्याचा मोफत नंबर पंचायतीच्या भिंतीवर लावा म्हटलं, तर लावला, पण पाणीपट्टीच्या नोटिशीखाली.

जानेवारीच्या सभेसाठी सचिवांकडे अर्ज दिलाय. मेलेलं माकड दिसल्यास एकच नंबर कुठला, तो काजूच्या हंगामाआधी प्रत्येक वाड्यावर लागणार का. गोचिडी लागू नयेत म्हणून अंगाला लावायचं तेल कधी आणि किती घरांना मिळणार. समितीच्या 10,000 रुपयांचा मागच्या वर्षीचा खर्च वाचून दाखवाल का. आणि हा विषय कार्यक्रमपत्रिकेत इतिवृत्ताच्या लगेच खाली घ्यावा. सचिवांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आवक-जावक वहीत नोंद केली. पोच घेऊन ठेवली आहे.