तुम्ही विचारलंत म्हणून

"मराठी असून परप्रांतीयांच्या झोपड्यांसाठी कशाला भांडता?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, हल्ली सख्खा मामेभाऊही विचारतो. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगते.

मुंबईतल्या वस्तीत १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली माणसं आणि उत्तर प्रदेशातल्या गोंड्याहून आलेली माणसं एकाच नळावर भांडतात. वस्ती पाडून इमारती बांधताना झोपडपट्टीचा कायदा गाव विचारत नाही, कधीपासून राहता ती तारीख विचारतो. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर फुकट, १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून, त्यानंतरचा असेल तर घर नाही, रस्ता मोकळा. १९८५ साली मुंबईतल्या फूटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या खटल्यात तमिळनाडूतल्या सेलमहून आलेला भूमिहीन मजूर होता, तसा संगमनेरहून आलेला चांभारही होता. (याच निकालाने फूटपाथ रिकामे करायलाही वाट करून दिली, हे भाषणांत कुणी सांगत नाही. मीही बरीच वर्षं सांगत नव्हते.)

शाळेचं तर विचारूच नका. जन्मदाखला नाही म्हणून पोराला प्रवेश नाकारता येत नाही, २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात स्वच्छ लिहिलंय. तरी दर जूनमध्ये ते कलम टेबलासमोर उभं राहून वाचून दाखवावं लागतं, आणि बहुतेक वेळा त्या पोराची आई मराठीच असते.

इथवर माझं उत्तर पक्कं आहे. पुढचं सांगायचं टाळत आले, कारण ते तुमच्या हातात आयतं कोलीत आहे.

आमच्या एका वस्तीची पात्र-अपात्र यादी लागली, म्हणजे नव्या इमारतीत घर कुणाला आणि कुणाला नाही ते; सरकारी भाषेत परिशिष्ट-२. सोसायटीच्या भिंतीवर चिकटवलेले कागद, मोबाईलच्या उजेडात बोट फिरवणारी माणसं. जालन्याची एक मावशी होती. मोर्च्यात पुढे, घोषणा द्यायला पुढे. तिच्या नावापुढे "अपात्र". शेजारचा उत्तर प्रदेशातला इस्त्रीवाला "पात्र". दोघांच्या खोल्यांमध्ये एकच पत्रा.

कारण साधं होतं. मावशीचं मत गावात, रेशनकार्ड गावात. निवडणूक आली की सगळं घर एसटीने जाऊन मतदान करून यायचं. गावाशी नाळ तुटू द्यायची नाही म्हणून. वीजबिल खोली विकणाऱ्याच्या नावावर. इस्त्रीवाल्याचं गावी काही उरलंच नव्हतं, म्हणून त्याचे सगळे कागद मुंबईचे.

ती मला सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, तुमच्या लढ्यात तो राहिला आणि मी गेले. आता बोला." मी तारखेचं गणित समजावायला लागले. तिने हात वर करून थांबवलं. "गणित त्याला सांगा, त्याला जमलंय."

त्याला काढलं असतं तर तिला खोली मिळाली असती का? नाही. त्याची जागा तिच्या नावावर झाली नसती. हे खरं आहे, आणि ते मी रात्रभर स्वतःलाच ऐकवलं. पंचविशीतली मी असते तर म्हणाले असते, गरीब तेवढा एक. आज म्हणवत नाही. त्या रात्री एका पत्र्याच्या अलीकडे पेढे वाटले गेले आणि पलीकडे नाहीत. त्याने तिला पेढा नेऊन दिला, तिने घेतला नाही. मला त्याचाही राग आला नाही आणि तिचाही.

म्हणून तुम्ही "आधी आपल्या माणसांचं बघा" म्हणता तेव्हा मी चिडते. तुम्हाला मावशी माहीत नाही, आणि तिच्या अपिलाच्या तारखेला तुमच्यातलं कुणी येत नाही. पण गप्पही बसते, कारण तिने विचारलं ते तुमच्यापेक्षा वेगळं होतं अशी माझी खात्री नाही.

अपील चालू आहे. पुढच्या तारखेला इस्त्रीवाला टपरी बंद ठेवून येतो म्हणतोय, ती कधीपासून शेजारी राहते ते सांगायला. कागद मागणाऱ्यांपुढे त्याच्या सांगण्याचा कितपत उपयोग होईल, शंकाच आहे. आणि तो आलेला तिला चालेल का, हे अजून मी तिला विचारलेलं नाही.