डिमाइज

फोंड्यात कोर्टाजवळ मी २२ वर्षं दस्त टाइप करते. परवा दुकान भाड्यानं देण्याचा करार करायला एक वयस्क काका आले. मसुदा वाचता वाचता 'डिमाइज्ड प्रिमायसेस', म्हणजे भाड्यानं दिलेली जागा, या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

"बाये, डिमाइज म्हणजे मरण ना? आमच्या हिच्या निधनाच्या बातमीत 'सॅड डिमाइज' छापलं होतं. दुकानाला हे कशाला?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

करारातला अर्थच जुना आहे. लॅटिन 'दिमित्तेरे' म्हणजे पाठवणं, सोडून देणं. (मित्तेरे म्हणजे पाठवणं. आमची शेजारीण दर रविवारी चर्चमध्ये मिसाला जाते, तो 'मिस्सा'ही त्याच घरातला: 'इते, मिस्सा एस्त', जा, निरोप झाला.) फ्रेंचमार्गे हा 'दिमित्तेरे' इंग्लंडच्या वकिलांकडे आला आणि जमीन, घर दुसऱ्याच्या हवाली करणं म्हणजे डिमाइज झालं. राजा गेला की राज्य त्याच क्षणी वारसाकडे जातं, त्या सोपवण्यालाही हाच शब्द. त्यातून अठराव्या शतकात तो सरळ मरणालाच चिकटला. पण १९३६ साली आठव्या एडवर्डनं गादी सोडली, तेव्हा तो चांगला जिवंत होता, तरी कायद्यात 'डिमाइज ऑफ द क्राउन' असंच लिहिलं गेलं.

आपण निवर्तले म्हणतो, दिवंगत म्हणतो, देवाघरी गेले म्हणतो. सगळे शब्द जाणाऱ्याच्या वाटेकडे बघणारे. हा एकच शब्द मागे राहिलेल्यांच्या हातांकडे बघतो, म्हणून मला तो फार जवळचा वाटतो.

माझ्या बाबांनी शेवटच्या पावसाळ्याआधी भावाला माड-पोफळींच्या कुळागरात फिरवलं होतं. पाणी आधी कुठल्या पाटात सोडायचं, कुठली पोफळ वाऱ्याला वाकते, नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला कधी सांगून ठेवायचं. दम लागला की बांधावर बसायचे, पुन्हा उठायचे. पंपाच्या खोलीची किल्ली सुतळीत ओवलेली होती. ती भावाच्या हातात देऊन त्यांनी त्याची मूठ आपल्या हातानं मिटली. वारसाचे कागद मीच नंतर केले, पण हवाली करणं त्या बांधावरच झालं होतं.

काका बराच वेळ गप्प होते.

"ही गेली त्याच्या आठ दिवस आधी सुनेला लोणच्याच्या बरण्या दाखवत होती," ते म्हणाले. "कुठली कधीची ते."

मग चष्मा पुसून त्यांनी पेन मागितलं.