पिशवीची जागा आधी ठरवून घ्या

माझ्या पोटावर डाव्या बाजूला, परकराच्या नाडीच्या दोन बोटं वर, स्टोमा आहे, म्हणजे शौच बाहेर पडायला पोटावर केलेलं तोंड. त्यावर पिशवी चिकटवलेली असते. गुदाशयाचा कॅन्सर होता आणि तोही अगदी खालच्या टोकाला. त्यामुळे शौचाची नेहमीची वाट कायमची बंद करून मोठ्या आतड्याचं टोक पोटावर आणून शिवलं. स्तनाच्या कॅन्सरबद्दल बायका आता एकमेकींशी बोलायला लागल्यात. या जागेचं दुखणं मात्र नवऱ्यालाही सांगत नाहीत, म्हणून नीट उघड लिहिते आहे.

आमच्या तासगाव भागात शौचातून रक्त पडलं की मूळव्याध, हे ठरलेलंच. मलाही एका दवाखान्यात न तपासता मलम आणि गोळ्या मिळाल्या होत्या. रक्त पडत राहिलं, शौचाची सवय बदलली, पोट साफ झालंच नाही असं सारखं वाटत राहिलं, तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. एवढं सांगून पुढे जाते, कारण मला लिहायचंय ते स्टोमा नर्सबद्दल, म्हणजे स्टोमाची जागा ठरवून देणाऱ्या आणि पिशवी बदलायला शिकवणाऱ्या सिस्टरबद्दल.

उपचार परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये झाले. आधी रेडिएशन आणि सोबत केमोच्या गोळ्या, म्हणजे गाठ आकसते, आणि मग ऑपरेशन. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज असतं, म्हणून आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथे बिहार, बंगालपासून आलेली माणसं भेटली. कुठल्या खिडकीवर कधी जायचं, रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म कोण भरून देतं, हे सगळं त्यांच्याकडूनच कळलं. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या माणसाला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या फेऱ्यांना त्याचा फार आधार झाला.

ऑपरेशनच्या आधी या स्टोमा सिस्टरनी निरोप दिला, नेहमीची साडी नेसून या. मला वाटलं काही फॉर्म भरायचा असेल. त्यांनी आधी उभं केलं. "नाडी रोज जिथे बांधता तिथेच बांधा, आज आमच्यासाठी सैल नको." मग खुर्चीवर बसवलं, वाकायला लावलं, फळ्यावर लिहिताना करते तसा हात वर करायला सांगितलं. खाली बसून भाजी चिरता का, हेही विचारलं. हो म्हटल्यावर मला सरळ जमिनीवर मांडी घालून बसवलं. झोपलेली असताना त्यांनी स्टोमाच्या जागेचा एक ठिपका पोटावर काढून ठेवला होता. मांडी घातल्यावर तो पोटाच्या वळीत पार नाहीसा झाला. तो त्यांनी पुसला आणि वर सरकवला. नाडी घासणार नाही, वळीत येणार नाही आणि मला मान खाली घालून स्वतःला दिसेल, अशी जागा सापडेपर्यंत हे चाललं होतं. शेवटी मार्करने खूण करून वर पारदर्शक पट्टी लावली, म्हणजे आंघोळीत जायला नको.

या ठिपक्याची किंमत मला पुढे कळली. आमच्या नात्यातल्या एका मामांचं ऑपरेशन दुसरीकडे झालं. ठरवून झालं, तारीख घेऊन झालं, पण खूण कुणी केलीच नव्हती. त्यांचा स्टोमा नेमका वळीत आला. बसलं की पिशवी सुटते, गळते, भोवतालची कातडी सोलवटते. मामांनी पारावर जाणं सोडलं. आतडं अडकून तातडीने ऑपरेशन होतं तेव्हा वेळ नसतो, हे मी समजू शकते. तारीख हातात असताना मात्र ही अर्ध्या तासाची गोष्ट राहून जावी, याचा मला राग येतो.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा पिशवी बदलताना हे बाहेर जायला निघाले, तर सिस्टर म्हणाल्या, "काका, हात धुऊन या." ह्यांनाच कात्री धरायला लावली. स्टोमा लालभडक आणि ओलसर असतो, गालाच्या आतल्या बाजूसारखा, आणि त्याला हात लावला तरी दुखत नाही. पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा एक-दोन मिलिमीटरच मोठं कापायचं, नाहीतर मळ कातडीला लागतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, जड होऊन ओढली जाईपर्यंत थांबायचं नाही. हे सगळं ह्यांना माझ्याआधी यायला लागलं.

मला एकच प्रश्न सारखा टोचत होता. घरी सासूबाईंचं सोवळं. देवपूजा करू का, हे डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही, सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "काकू, शी आधीही पोटातच होती ना?" घरी आल्यावर सासूबाईंनी स्वतःहून निरांजन माझ्या हातात दिलं.

पुढची केमो घराजवळ मिरजेत घेतली. ऑक्झालिप्लॅटिन नावाच्या औषधाने गार वस्तूला हात लागला की मुंग्यांचा झटका बसतो. थंडीत स्टीलचा तांब्याही धरवत नव्हता, प्यायला पाणी कोमटच. घरातल्यांना हे आधी माहीत हवं.

पिशव्यांचा खर्च दर महिन्याला आहेच. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९७५ पासून याच कामात आहे, तिथे चौकशी करा. मी आता शाळेत जायच्या आधी सकाळी स्टोमातून कोमट पाणी आत सोडून पोट साफ करते. मग शाळा सुटेपर्यंत पिशवी जवळपास रिकामी असते. प्रत्येकाला हे चालत नाही. डॉक्टरांना विचारून, नर्सकडून शिकूनच करायचं.

आणखी एक. सख्ख्या नात्यात हा कॅन्सर निघाला तर भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीला, किंवा त्या माणसाला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा, दुर्बिणीची तपासणी करावी, असं डॉक्टर सांगतात. धाकट्या भावाने दिवाळीनंतर करून घेतली. एक छोटी गाठ सापडली, तिथल्या तिथे काढली, रिपोर्ट साधा आला. थोरली बहीण अजून 'बघू' म्हणते आहे. ताई, तू हे वाचशीलच. पुढच्या महिन्यात मला सुट्टी आहे, मी सोबत येते.