ट्रेकमध्ये बुटाने आ वासला तर

जुलैतला रविवार, कॉलेजचा वीस-पंचवीस जणांचा ग्रुप, मळवली स्टेशनावरून भाजे गावातून लोहगडाकडे निघालेला. पहिला तास फोटो आणि गाण्यांत जातो. मग कुणाच्या तरी पायाखालून फटाक-फटाक असा आवाज यायला लागतो. बुटाचा सोल पुढून सुटलेला असतो आणि प्रत्येक पावलाला बूट आ वासत असतो. सगळा ग्रुप हसून लोळतो आणि त्या बुटाला तिथल्या तिथे नाव पडतं. पुढची तीन वर्षं कॅन्टीनमध्ये तो किस्सा निघणार, हे नक्की. पावसाळी ट्रेकमधली ही सगळ्यात गोड फजिती आहे आणि ती व्हायलाच हवी, असं माझं मत आहे. फक्त हसून झाल्यावर लगेच दहा मिनिटं काम करावं लागतं. नाहीतर हीच गोष्ट उतरताना मुरगळलेल्या घोट्यावर जाऊन थांबते.

खरी अडचण सोलापेक्षा लाजेची असते. ज्याचा सोल सुटतो तो बहुतेक वेळा सांगतच नाही. हळूच मागे पडतो, पाय घासत चालतो, कुणी विचारलं तर "काही नाही, येतोय" म्हणतो. तोवर अर्धा सुटलेला सोल पूर्ण निघून चिखलात जातो, आणि मग बांधायलाच काही उरत नाही. म्हणून शेवटच्या माणसाने, म्हणजे जो ग्रुपच्या मागे राहून सगळ्यांना पुढे काढतो त्याने, पायांकडे लक्ष ठेवावं. लीडरने निघतानाच सांगून टाकावं की आज कुणाचा तरी सोल निघणार आहे, निघाला की ओरडा. आधीच सांगितलं की लाज निम्मी होते.

सोल नेमका पहिल्या पावसाळी ट्रेकलाच का निघतो, याचं कारण माळ्यावर आहे. बूट मागच्या वर्षी चिखल लागलेल्या अवस्थेत खोक्यात गेलेले असतात. पुष्कळ बुटांच्या सोलमधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो, दुकानदार त्याला पीयू म्हणतात. हवेतला ओलावा या फोमचे रेणू हळूहळू तोडत राहतो. बूट न वापरता ठेवला तरी हे चालूच असतं, मुंबई-कोकणाच्या दमट उष्ण हवेत तर जरा जोरातच. वरून बूट नवा दिसतो, आतून फोम मेलेला असतो. दुसरा प्रकार साध्या स्पोर्ट्स शूजचा. त्यांचा सोल फक्त गोंदावर चिकटलेला असतो, कडेने शिलाई नसते. तासन्‌तास पाण्यात भिजून गोंद सैल पडतो, आणि भाताच्या बांधाशेजारचा चिखल टाच धरून ठेवतो तेव्हा पुढचा भाग उचकटतो.

हे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत, कारण उपाय वेगळे आहेत. सुटलेल्या जागी बोट फिरवा. पृष्ठभाग गुळगुळीत, गोंदाचा पिवळट पापुद्रा दिसतोय, तर फक्त गोंद गेलाय. असा बूट बांधून ट्रेक पूर्ण करता येतो. बोटाला काळा-करडा भुगा लागत असेल, तर फोमच विरघळतोय. बांधलं तरी तासाभरात पुढचा तुकडा पडेल, आणि दुसऱ्या पायातला बूट त्याच वयाचा असल्याने तोही मागोमाग जाईल. अशा वेळी बांधायचं ते परत फिरण्यासाठी.

बांधायला सर्वांत चांगली साधी काथ्याची किंवा तागाची सुतळी. प्लॅस्टिकची दोरी ओल्या कातळावर सरकते, सुतळी थोडी पकड देते. एका बुटाला अडीच मीटर लागते. बूट पायात घालून, लेस घट्ट करून, उभं राहून बांधा. बसून बांधलेली सुतळी वजन आल्यावर काचते. आधी फटीतला चिखल आणि खडे पाण्याने काढा, नाहीतर सोल बसतच नाही. सुतळी दुहेरी करा. तिचा मध्य चवड्याखाली, बुटाच्या टोकापासून चार बोटं मागे ठेवा. दोन्ही टोकं वर आणून पायावर फुली मारा, मग खाली नेऊन पावलाच्या कमानीत, म्हणजे चवडा आणि टाच यांच्या मधल्या खोलगट जागेत, एक फेरा घ्या. पुन्हा वर फुली, मग टोकं घोट्यामागून फिरवून पुढे आणा आणि गाठ पायाच्या वरच्या बाजूला मारा. गाठ तळाशी आली तर दगडावर बसून पाय मुरगळतो. कमानीतला फेरा जमिनीला कमी घासतो म्हणून टिकतो, चवड्याखालचा आधी तुटतो. दर अर्ध्या तासाने तो बघायचा. बोटं हलवून पाहा, मुंग्या आल्या तर सैल करा.

केबल टाय असतील तर काम आणखी झटपट होतं. 30 सेंटिमीटरच्या पट्ट्या घ्या, छोट्या पुरत नाहीत. जाड बुटाला दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून एक करा. लॉक वरच्या बाजूला आणा आणि उरलेलं शेपूट कापून खिशात ठेवा, गडावर टाकू नका. डक्ट टेपवर फार भिस्त नको. तो ओल्या रबराला चिकटत नाही, स्वतःवरच गुंडाळला तरच धरतो.

सगळे करतात ती चूक म्हणजे त्याच बुटाची लेस काढून सोल बांधणं. सोल राहतो, पण उतरताना पाय आत पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. त्याऐवजी जुना जाड मोजा बुटावरूनच चढवा. दिसायला हा प्रकार भन्नाट असतो, हसण्याचा दुसरा हप्ता मिळतो, आणि सोल जागेवर राहतो. अनवाणी मात्र चालू नका. गर्दीच्या गडांवर गवतात फुटलेल्या बाटल्यांच्या काचा असतात.

वाट कोणती आहे त्यावर निर्णय ठरतो. लोणावळ्याहून राजमाचीची वाट साधारण 15 किलोमीटर लांब, पण बरीचशी सपाट, तिथे बांधलेला बूट निभावतो. कळसूबाई 1646 मीटर, वाटेत लोखंडी शिड्या. सुटलेलं टोक पायरीत अडकलं तर माणूस तोंडावर येतो. तिथे शिड्यांच्या आधीच मागे वळावं, आणि त्याच्याबरोबर किमान दोघांनी परतावं.

याच ट्रेकची दुसरी फजिती म्हणजे पँट उसवणं. भिजलेली जीन्स मांडीला चिकटते, कापड सरकत नाही, आणि उंच पायरीला गुडघा वर घेतला की सगळा ताण बैठकीच्या शिवणीवर येतो. उरलेलं काम बसून घसरत उतरताना होतं. कातळ उतरायचा तर तोंड कातळाकडे करून, शिडीसारखं उतरा. उसवलीच, तर सेफ्टी पिना आतून, शिवणीला आडव्या, दोन-दोन सेंटिमीटरवर लावा. वरून विंडचीटर कमरेला बांधा, पण त्याची खालची टोकं आत खोचा, लोंबती राहिली तर शिडीवर पायाखाली येतात. कुणाची पँट फाटली तर विंडचीटर न बोलता पुढे करायचं. आणि फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्या माणसाला विचारायचं. तो किंवा ती हसत असेल, तरच तो किस्सा सगळ्यांचा होतो.

निघण्याच्या दोन दिवस आधी बूट हातात घेऊन टोक टाचेकडे दुमडा आणि कडेच्या फोमवर नख दाबा. भेग गेली किंवा भुगा पडला तर तो जोड गेला. ठीक वाटला तर बादलीभर पाण्यात भिजवून, पायात घालून पंधरा मिनिटं जिने चढा-उतरा. संपूर्ण ग्रुपसाठी पाच मीटर सुतळी, आठ लांब केबल टाय, डझनभर सेफ्टी पिना, एक कात्री आणि जाड मोज्यांची एक जादा जोडी एवढं एका पिशवीत पुरतं. पिशवी शेवटच्या माणसाकडे द्या.

घरी आल्यावर बूट हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, आत कागद कोंबून वाऱ्यावर वाळवा. पूर्ण कोरडा झाला की दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडा, फेविबाँड दोन्हींकडे पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की जोरात दाबा आणि दिवसभर वजनाखाली ठेवा. फेविक्विक लावू नका, तो कडक होतो आणि बूट वाकतो तिथेच तडकतो. त्यानंतर चप्पल-बूट शिवणाऱ्या काकांकडून कडेने शिलाई मारून घ्या. पुढच्या वर्षी ट्रेकला येताना शिलाई मारलेलाच बूट घाला.