'भरतीची वेळ' टायटल अपडेट: शिरोरेषेची गाठ सुटली!

मंडळी, सस्पेन्स व्हर्जनचं कोडं सुटलं! मागच्या अपडेटमध्ये ट्रॅकिंगपाशी, म्हणजे अक्षरांमधल्या मोकळ्या जागेपाशी, अडकलो होतो, तिथून गाडी पुढे सरकलीय आणि जे हाती लागलंय ते इतकं भारी आहे की फायनल रेंडर व्हायच्या आधीच लिहायला बसलोय.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. खाडीचं एकच फुटेज, धक्का, दोरखंड, चिखलात टेकलेली होडी, मूळ शॉट तेच, आणि त्यावर 'भरतीची वेळ' या कल्पित सिनेमाची टायटल्स तीन तऱ्हांनी करायची: सस्पेन्स, कॉमेडी आणि लहान मुलांचा सिनेमा. बघणाऱ्याला आधी काहीही सांगायचं नाही, बघून झाल्यावर दोनच प्रश्न विचारायचे, सिनेमा कसला वाटला आणि कुणाला घेऊन जाल. सेन्सॉरचं सर्टिफिकेट मुद्दाम लावत नाही, कारण आता यूए ७+, १३+, १६+ असे प्रकार आल्यापासून दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळून जातं.

कॉमेडी झालीय, छान झालीय. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा बलू हा फॉन्ट वापरलाय आणि फुकटच्या फॉन्टमध्ये इतकं नीट काम केलेलं असतं की पैसे मोजून घेतलेल्या एका फॉन्टमध्ये रफार शेजारच्या अक्षरावर चढलेला बघून जो संताप झाला होता तो जरा निवला. कॉमेडी आणि मुलांचं व्हर्जन लोकांना सारखंच वाटत होतं, दोन्हीकडे गुबगुबीत अक्षरं (मुलांसाठी मोदक नावाचा फॉन्ट लावलाय), पण नटांची नावं आधी आणि मोठी टाकली, शेजारी चेहरे ठेवले, की लोक लगेच 'कॉमेडी, घरच्या सगळ्यांना घेऊन' म्हणायला लागले. मुलांना नटांच्या नावांशी काय देणंघेणं, त्यामुळे तिथे ती बारीक करून कोपऱ्यात ढकलली.

आता मुख्य दुखणं. इंग्रजी थ्रिलरमध्ये एक हुकमी युक्ती असते, अक्षरांमध्ये भरपूर मोकळी जागा सोडायची आणि ती हळूहळू आणखी फाकवत न्यायची. १९७९ च्या 'एलियन'चं टायटल बघा, आर. ग्रीनबर्ग असोसिएट्स या टायटल करणाऱ्या कंपनीचं काम, काळ्या अवकाशात नुसत्या रेघा एकेक करून उगवतात, बराच वेळ कळत नाही की ही अक्षरं आहेत, आणि नेमकं ते न कळणंच पोटात गोळा आणतं. हे देवनागरीत करायला गेलं की शिरोरेषा आडवी येते, अक्षरशः. ट्रॅकिंग वाढवलं की रेषेचे तुकडे पडतात आणि शब्द भीतीदायक नाही, बिघडलेला दिसतो, सरळ फॉन्टचा प्रॉब्लेम वाटतो. रेषा ताणून अखंड ठेवली तर दुकानाची पाटी होते. कीफ्रेम (हालचालीचे टप्पे) हलवून झाल्या, ईझ (हालचाल हळू-जलद होणं) बदलून झालं, बारीक वजनाचे फॉन्ट लावून बघितले, काही म्हणता काही होईना.

मग पुन्हा १९६० चं 'सायको' लावलं आणि आवाज बंद करून फ्रेम फ्रेम पुढे सरकवत बघितलं. टायटल डिझायनर सॉल बासने तिथे अक्षरं अगदी साधी घेतलीत, ऑफिसच्या फाइलवर शोभतील अशी, पण ती आडवी कापलेली आहेत, तुकडे एकमेकांपासून सरकलेत आणि क्षणभर जुळून पुन्हा फाटतात. म्हणजे भीती अक्षराच्या वळणात नाहीच, ते जुळतंय की नाही यात आहे. आणि आपल्याकडे तर जुळवणारी गोष्ट आयती आहे, शिरोरेषा! ती वाचवायला मी उगाच धडपडत होतो, तीच आधी काढून टाकायची आणि शेवटी आणायची.

इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे पाथ (नुसते आकार) केले, वरून आयत ठेवून डिफरन्सने (वजा करून) रेषा उडवली, ती एसव्हीजी फाइल रिझॉल्व्ह या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या फ्यूजन भागात घेतली (हे काम फुकट व्हर्जनमध्ये निवांत होतं). पण रेषा गेल्यावर 'ती', 'ची' ची वेलांटी आणि 'वे' ची मात्रा हवेत लटकायला लागल्या, कुणाच्या कुणाला पत्ता नाही. वेलांटीला काना पकडून ठेवतो तरी, मात्रेला काहीच आधार नाही. वेलांट्या-मात्रा सुरुवातीला लपवल्या तर 'भरतच वळ' असं काहीतरी दिसतं.

शेवटी फॉन्ट सोडून कट निबने ट्रेसिंग पेपरवर स्वतः लिहिलं आणि स्कॅन केलं. इथेच घबाड सापडलं. ध, थ, भ ही डोकं उघडं असलेली अक्षरं, त्यांच्या डावीकडे रेषा सोडलेली असते. फॉन्टमध्ये भ च्या डोक्यावरची गाठ त्याला ओळखू देते, पण हाताने लिहिताना ती गाठ मी जेमतेम ठेवली होती, आणि रेषा काढल्यावर भ आणि म मध्ये फरकच उरेना. पडद्यावर आलं 'मरतीची वेळ'. बहिणीला दाखवलं तर ती 'मर...' एवढंच वाचून थांबली आणि मग रेषा आली, भ च्या डोक्यावर जागा सोडून पुढे गेली, आणि शब्द 'भरतीची' झाला. ती म्हणाली, पुन्हा लाव.

सध्या रेषा उजवीकडून डावीकडे आणतोय, १४ फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेमच्या स्पीडला. डावीकडून आणली की शाळेत फळ्यावर लिहिल्यासारखी दिसते आणि भ चा उलगडा पहिल्याच फटक्यात होतो. उजवीकडून आली की भ सगळ्यात शेवटी उलगडतो, तोवर 'मर' डोळ्यासमोर टिकतं.

आणि हे लिहिता लिहिता डोक्यात आलं, रेषा वेगळी आखायचीच कशाला? सिनेमाचं नाव भरती आहे! धक्क्याची भिंत समोरून घेतली तर पाण्याची कड सरळ आडवी दिसते. अक्षरं भिंतीवर, पाणी खालून चढतंय, अक्षरं बुडत जातायत, आणि पाणी डोक्यापर्यंत आलं की ती कड हीच शिरोरेषा. वेलांट्या आणि मात्रा पाण्याच्या वर, कोरड्या! त्या लटकण्याचा प्रश्नच मिटला, उलट बुडणाऱ्याचे हात वर राहावेत तशा दिसतील. यात रेषा सगळीकडे एकदम येणार, म्हणजे उजवी-डावीचं गणित रद्द, पण भ च्या डोक्यावर पाण्यात खंड कसा पाडायचा ते अजून सुटायचंय. तिथे एखादी होडीची दोरी नाहीतर खुंटा आडवा घेता येईल का बघतोय.

म्हणजे टाइमलॅप्स आला. ओहोटी ते भरती साधारण सव्वासहा तास. कोकणातला हिशोब माहीतच असेल, तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट वाजता भरती, चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. पाणी खूप चढायला उधाण हवं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पण तेव्हा भरती येते भर दुपारी, बाराच्या सुमाराला, आणि त्या उन्हात भिंतीवर सस्पेन्स कुठला उरायला. अष्टमीला संध्याकाळचा प्रकाश सुंदर मिळतो, पण ती भांगाची भरती, पाणी म्हणावं तसं चढतच नाही. सध्या विचार असा की पावसाळ्यात, उघडीप आणि ढग दोन्ही असतील अशी अमावास्या गाठायची आणि अक्षरं छोटी ठेवायची.

मुलांचं व्हर्जन या सगळ्यात मागे पडलंय आणि त्याचं दुखणं वेगळंच आहे. शिंपले, दोरीच्या गाठी, भोवरा असे जवळून घेतलेले संथ शॉट टाकलेत आणि लोक म्हणतात 'मुलांबद्दलचा आहे, पण मोठ्यांसाठी'. बरोबरच आहे. १९६२ च्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मध्ये टायटल करणाऱ्या स्टीफन फ्रँकफर्टने हेच केलंय, मेणखडू, गोट्या, जुनं घड्याळ, लहान मुलीचं गुणगुणणं, आणि तो सिनेमा मोठ्यांचाच आहे. वस्तू मुलांच्या असून भागत नाही, वेगही मुलांचा लागतो. शॉटची लांबी निम्मी करणार, शिंपला स्थिर न ठेवता कुणीतरी उचलून पळेल.

पण आधी भिंत. रत्नागिरी, मालवण, हर्णै, कुठेही समोरून ट्रायपॉड लावता येईल अशी सरळ भिंत आणि मागे पाय रोवायला सहा-सात तास कोरडी राहणारी जागा कुणाच्या माहितीत असेल तर प्लीज कळवा. भिंतीवर शेवाळ असेल तर उत्तम, ओल्या रेघेचा रंग गडद येतो.