संभाजीनगर ते तुळजापूर: गटाच्या सहलीत दूध-तुपाविना जेवण

मार्ग असा: छत्रपती संभाजीनगर, वेरूळ, अजिंठा, मग बीड, अंबाजोगाई, लातूर करत तुळजापूर. गाडीत पंधरा जण, त्यांतले दोघे व्हीगन, म्हणजे मांस-अंडी तर नाहीच, दूध-तूपही न खाणारे. बाकीच्यांत मटणवाले होते, तसे पनीरशिवाय हॉटेलात जेवण कसलं म्हणणारेही. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. त्यामुळे बुधवारनंतर निघालेलं बरं. वार चुकला की मुक्काम वाढतो आणि जेवणाचं ठरवलेलं सगळं कोलमडतं.

मराठवाड्यात व्हीगन माणूस उपाशी राहत नाही. ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आंबाडीची भाजी, येसरची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी, हे सगळं मुळात दूध-तुपाविना. अडचण येते ती पाहुणचारात आणि 'स्पेशल' लिहिलेल्या पदार्थांत. जेवढं साधं मागाल तेवढं सोपं जातं.

सकाळचा प्रश्न सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा नाश्ता, सोडवते. चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा, मिरची, शेंगदाणे, हळदीची तेलातली फोडणी, वरून डाळव्याचं पीठ आणि कोथिंबीर. यात दूध-तूप येत नाही. पोह्यांचंही तसंच. उपम्यात मात्र कधी तूप असतं, विचारून घ्यावं. चहाचं अवघड आहे: टपरीवर पातेल्यात दूध आधीच उकळत असतं आणि मशीनच्या चहात दुधाची पावडर असते. वेगळ्या भांड्यात कोरा चहा, लिंबू पिळून, असं स्पष्ट सांगावं.

ढाब्यावर सूचना टेबलाशी देऊन उपयोग नाही. वेटर मान डोलावतो, आत निरोप पोचतो 'शाकाहारी' एवढाच. फोडणी देणाऱ्या माणसाशीच बोलावं. 'व्हीगन' किंवा 'प्युअर व्हेज' म्हणू नये, दुसऱ्या शब्दाने तर हमखास तूप पडतं. जैन जेवण मागणं हाही उपाय नाही, त्यात कांदा-लसूण गेला तरी दूध-तूप राहतं. "दूध, दही, ताक, तूप, लोणी, बटर, पनीर, खवा, मलई सोडलंय, फोडणी तेलाची द्या" असं यादीसकट सांगावं. इकडे 'सोडलंय' म्हटलं की कुणी कारण विचारत बसत नाही. पथ्य आहे म्हटलं तरी चालतं.

डाळ फ्रायमध्ये बटर दोनदा पडतं: एकदा फोडणीत आणि एकदा वाटीवर गोळा म्हणून. दुसरा गोळा सवयीने पडतो, सांगूनही. म्हणून पंधरा जणांची डाळ एकत्रच तेलात करायला लावावी, व्हीगन लोकांच्या दोन वाट्या आधी काढून घ्याव्यात आणि उरलेल्या पातेल्यात बटर पडू द्यावं. स्वयंपाकी दोन वेगळ्या ऑर्डरींना वैतागतो, या पद्धतीला नाही. काजू करी, मखनी, शाही यांच्या वाटेला जाऊ नये. शेवभाजीचा लाल रस्सा बहुतेकदा कांदा-खोबऱ्याचा असतो, पण त्यात पांढरी ग्रेव्ही मिसळतात का ते विचारावं. तंदुरी रोटीच्या कणकेत दूध किंवा दही असू शकतं, नानमध्ये तर बहुतेकदा असतंच. वर फिरणारा बटरचा फडका वेगळा.

भाकरी सर्वांत निर्धोक, पीठ आणि गरम पाणी. पण तिला वेळ लागतो. एका तव्यावर एक भाकरी दोन-तीन मिनिटं घेते. पंधरा जणांना दोन-दोन धरल्या तर तीस भाकऱ्या, म्हणजे एकाच तव्यावर तास-दीड तास. दोन तास आधी फोन केला नाही तर भुकेला गट "रोटीच सांगा" म्हणून मोकळा होतो आणि व्हीगन माणूस पापड चावत बसतो. अजिंठ्याहून परतताना हा फोन फर्दापुरातूनच करावा. तिथे टी-जंक्शनला गाडी सोडून बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं, चालणंही भरपूर, म्हणून वर जाताना केळी आणि फुटाणे सोबत हवेत.

नातेवाइकांकडे जेवण असेल तर आदल्या दिवशीच काकूंच्या कानावर घालावं. पंगत बसल्यावर "मावशी, माझ्या भातावर तूप नको" म्हणेपर्यंत चमचा उलटा झालेला असतो. काही पदार्थ दिसायला निरुपद्रवी असतात. प्रवासाला देतात ती दशमी दुधात मळलेली असते. धपाट्याच्या पिठात दही घालणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. पिठलं ताकातलं असू शकतं. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, शेतात जेवायला बोलावलं तर जरूर जावं. आंबिलीत ताक असतं, तिला हात जोडावेत. भज्जीत मटार, तूर, हरभरा, पालेभाज्या आणि बेसन, फक्त आंबटपणा चिंचेचा की ताकाचा ते विचारावं. हिवाळ्यात हुरडा मिळाला तर आणखी बरं: चटणी, गूळ, तीळ घ्या, दह्याची वाटी शेजाऱ्याकडे सरकवा. हुरडा गोवऱ्यांच्या आगटीत भाजतात. त्यावरही कुणाचा आक्षेप असेल तर त्याने घरीच थांबावं.

तुळजापुरात किंवा वाटेत परळीला प्रसाद नाकारू नये. पेढा, पंचामृत दोन्ही हातांनी घ्यावं आणि सोबतच्याला द्यावं, कुणाला काही वाटत नाही. मार्गात नांदेड जोडलं तर गुरुद्वाऱ्यातला कडाहप्रसाद तुपातलाच असतो. लंगरमध्ये रोटीला तूप लावलेलं असू शकतं, डाळीतही असू शकतं. वाढणाऱ्या सेवेकऱ्याला पान पुढे करण्याआधी विचारावं, कारण घेतलेलं टाकायचं नाही.

पिशवीत माणशी एवढं ठेवावं: शेंगदाण्याची किंवा कारळाची कोरडी चटणी पाव किलो, फुटाणे पाव किलो, गूळ शंभर ग्रॅम, चार लिंबं, पाण्यात मळलेली धपाटी आठ. कांदा घातलेली धपाटी उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबूस होतात, म्हणून बिनकांद्याची करावीत, नीट गार करून मगच बांधावीत. गरम बांधली की वाफ धरून चिकट होतात. बी-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही घ्याव्यात. खर्चाची वाटणी निघण्यापूर्वीच ठरवा. पनीर-मटणाचं बिल वेगळं काढलेलं बरं, नाहीतर भाकरी-ठेचा खाणारा माणूस शेवटी सगळ्यांइतकेच पैसे भरतो.