आमची वाटचाल: केबल ओढण्यापासून व्हर्च्युअल फायरवॉलपर्यंत

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमची सुरुवात केबल ओढण्यापासून झाली. फाउंड्री, मशीन शॉप, पतसंस्था अशी गिऱ्हाइकं. लॅन (ऑफिसचं आतलं नेटवर्क) टाकायची, स्विच बसवायचा, टॅलीचा सर्व्हर सगळ्या टेबलांवरून दिसतोय ना ते बघायचं. फायरवॉलचं, म्हणजे इंटरनेटवरची ये-जा तपासणाऱ्या पहारेकऱ्याचं, नाव तेव्हा कुणी काढत नसे.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये अकाउंटंटला घरून टॅली हवी झाली आणि अनेकांनी रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे दुरून संगणक चालवायचं दार, सरळ इंटरनेटवर उघडा टाकला. ते आम्हाला बघवेना. व्हीपीएन (घरून ऑफिसशी सुरक्षित जोडणी) द्यायचं तर फायरवॉल हवी, आणि दरवर्षी लायसन्सचे पैसे मागणारी पेटी लहान कारखान्याला जड जाते. मग आम्ही पीएफसेन्स आणि २०१५ मध्ये त्यातून वेगळं झालेलं ओपीएनसेन्स या मोफत फायरवॉल सॉफ्टवेअरकडे वळलो. दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. गिऱ्हाइकाकडे सर्व्हर होताच. त्यावर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल, म्हणजे सॉफ्टवेअरमधले, संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं, एका व्हर्च्युअल मशीनमध्ये टॅलीचं विंडोज, दुसऱ्यात फायरवॉल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग (संगणकांवरच्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपायला सांगितल्यावर तर लोक स्वतःहून विचारू लागले.

या कामात सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण एकच: फायरवॉल इन्स्टॉल होते, वॅन (इंटरनेटची बाजू) कुठलं आणि लॅन कुठलं असं विचारते, आणि यादीत नेटवर्क कार्ड एकच असतं. कधी एकही नसतं. अशा वेळी फायरवॉलच्या मेनूत शोधत बसणं व्यर्थ, कारण बहुतेकदा बिघाड फायरवॉलच्या खालच्या थरात असतो. आम्ही तळापासून वर येतो.

आधी होस्टला, म्हणजे खालच्या मूळ सर्व्हरला, कार्ड दिसतंय का? प्रॉक्समॉक्सच्याच कामाचं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर म्हणजे ईएसएक्सआय; त्यातून ७.० पासून जुने लिनक्स-पद्धतीचे ड्रायव्हर निघाले, त्यामुळे स्वस्त मदरबोर्डवरचं रिअलटेक कंपनीचं कार्ड तिथे आपोआप दिसत नाही. प्रॉक्समॉक्सखाली लिनक्स असल्याने हा त्रास कमी, तरी आम्ही शक्यतो इंटेलचं चार पोर्टचं (केबलच्या चार खाचांचं) आय३५० कार्ड घालतो.

मग ब्रिज, म्हणजे खऱ्या पोर्टला व्हर्च्युअल मशीनशी जोडणारा सॉफ्टवेअरमधला स्विच. प्रॉक्समॉक्स इन्स्टॉल होताना एकच ब्रिज बनवतं, एका पोर्टवर. व्हर्च्युअल मशीन बनवतानाही ते एकच नेटवर्क कार्ड देतं. दुसरा ब्रिज आपण बनवायचा, मशीनच्या हार्डवेअर पानावर जाऊन दुसरं कार्ड आपण जोडायचं. ‘इंटरफेस गायब’ म्हणून येणाऱ्या फोनमध्ये बऱ्याचदा हे दुसरं कार्ड जोडलेलंच नसतं. जोडल्यावरही दिसलं नाही, तर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचं; फायरवॉलच्या आतून रीबूट केलं तर होस्टवर थांबून राहिलेले बदल लागू होत नाहीत.

तिसरी गोष्ट व्हर्च्युअल कार्डाचं मॉडेल; व्हर्टआयओ आणि ई१००० ही त्यातली दोन. व्हर्टआयओ दिलं तर फ्रीबीएसडी त्याला व्हीटीनेट०, व्हीटीनेट१ म्हणतं. ई१००० दिलं तर ईएम०. मॉडेल बदललं किंवा जुन्या पेटीचा बॅकअप इथे चढवला, की पीएफसेन्स ‘नेटवर्क इंटरफेस मिसमॅच’ म्हणून थांबतं. कार्डं जागेवर असतात, नावं बदललेली असतात. व्हर्टआयओमध्ये आणखी एक फसवं लक्षण आहे: इंटरफेस दिसतो, पिंग जातं, वेबसाइट मात्र उघडत नाही. तिथे हार्डवेअर चेकसम ऑफलोडिंग (डेटा तपासायचं काम कार्डावर सोपवणारी सेटिंग) बंद करावं लागतं.

एका फाउंड्रीत सर्व्हरमध्ये नवी एनव्हीएमई डिस्क बसवली आणि सगळं इंटरनेट गेलं. डिस्कने पीसीआय क्रमांक (मदरबोर्डवरच्या जागांचे नंबर) सरकवले, त्यावरून ठरणारं पोर्टचं नाव ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० झालं, आणि ब्रिज अस्तित्वात नसलेल्या नावाला धरून बसला. फायरवॉलला तिची दोन्ही कार्डं दिसत होती, म्हणूनच शोधायला अवघड. आता आम्ही प्रत्येक होस्टवर मॅक पत्त्यावरून (प्रत्येक पोर्टचा स्वतःचा क्रमांक) पोर्टचं नाव पक्कं करून टाकतो. व्हर्च्युअल कार्डांचे मॅक पत्ते वॅन-लॅन ठरवताना एकेक जुळवून घेतो आणि ते कॅबिनेटच्या दारावर चिकटवतो. माझ्या मते हा कागद गिऱ्हाइकाला दिलेल्या बिलाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण उद्या आमच्या जागी दुसरं कुणी आलं तरी त्यांचं काम अडू नये.

व्हर्च्युअल फायरवॉल सगळीकडे बसवावी असं मात्र मला वाटत नाही. जिथे सर्व्हरजवळ धूळ आहे, वीज वारंवार जाते, आणि सर्व्हर बंद झाला तर इंटरनेटही बंद पडणं परवडणार नाही, तिथे आम्ही वेगळा मिनी पीसीच सुचवतो, कमाई कमी झाली तरी. आणि व्हर्च्युअल दिलीच, तर होस्टच्या मॅनेजमेंटसाठी एक पोर्ट वेगळा ठेवतो आणि सर्व्हर चालू होताना फायरवॉल सर्वांत आधी उठेल असा क्रम लावतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यानंतर लायसन्सची गणितं बदलली. तिथून प्रॉक्समॉक्सवर येणाऱ्या गिऱ्हाइकांचं काम सध्या आमच्याकडे जास्त आहे. त्यांच्या फायरवॉल बॅकअपमध्ये व्हीएमएक्स० अशी, व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल कार्डांची, नावं असतात. ती व्हीटीनेट० करून, मॅक पत्त्यांची नवी यादी हातात घेऊनच आमची मुलं रविवारी, कारखाना बंद असताना, साइटवर जातात.